लिखितपाठकाचा दोष : महाविद्यालयीन अध्यापनातील पॉडकास्टचा एक परामर्श

१

पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हालवीत म्हणणारा, अर्थ न जाणता म्हणणारा आणि दबक्या आवाजात म्हणणारा ह्या पाचांच्या जोडीला तेथे ‘लिखितपाठक’ ह्याचीही गणना केलेली आहे. लिहिलेले पुढ्यात ठेवून म्हणणारा तो लिखितपाठक. ज्या परंपरेत विद्या मुखोद्गत असणे हेच विद्येचे प्रमाण होते, तिने अशा पाठकास अधम ठरवावे ह्यात नवल नाही. आज हे वर्गीकरण आठवण्याचे निमित्त मात्र अगदी निराळे आहे.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले, तेव्हापासून अध्यापनासाठी पॉडकास्ट तयार करण्याची व ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्याची प्रथा आपल्याकडे रुजू लागली. वर्ग पूर्ववत सुरू झाल्यावरही ती टिकून राहिली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ह्या साहित्याची चर्चा होते ती बहुधा यंत्रांच्या अंगाने. ध्वनिग्राहक कोणता घ्यावा, खोलीतील घुमारा कसा टाळावा, संपादन कोणत्या साधनाने करावे, ह्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. त्या ध्वनिफितीत जे वाक्य उच्चारले जाते त्याचे स्वरूप काय असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या ऐकण्यात आलेल्या मराठी शैक्षणिक पॉडकास्टांचा मुख्य दोष यंत्राचा नसून वाक्याचा आहे. ते श्राव्य नाहीत. मोठ्याने वाचलेले लेखन आहेत. आणि ज्या अर्थाने ते ‘प्रसृत’ केले असे म्हटले जाते, त्या अर्थानेही ते पुष्कळदा प्रसृत झालेले नसतात. ह्या दोन दोषांचे मूळ एकच आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी. ‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’ ह्या ब्रिटिश वृत्तपत्रातील बेन हॅमर्सली ह्यांच्या एका लेखात आला. ‘आयपॉड’ ह्या ध्वनियंत्राचे नाव आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे ध्वनिक्षेपण, ह्यांची ती जोडणी होती. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. शब्द आणि त्याचा शैक्षणिक विनियोग हे अशा रीतीने एकाच वर्षाचे ठरतात.

तथापि शब्दापेक्षा त्यामागील व्यवस्था अधिक महत्त्वाची आहे. ‘आरएसएस फीड’ म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी एक साधी यादी असते. तीत प्रत्येक भागाचे शीर्षक, दिनांक, वर्णन आणि ध्वनिफितीचा पत्ता नोंदलेला असतो. ध्वनिफीत अशा यादीस जोडण्याची सोय डेव्ह वाइनर ह्यांनी २००० साली केली. श्रोत्याचे यंत्र ही यादी ठराविक वेळाने पाहते आणि नवा भाग आढळल्यास तो आणून ठेवते. श्रोता कोणते साधन वापरतो ह्याच्याशी प्रकाशकाला कर्तव्य नसते. म्हणजेच खुले प्रसारण हा पॉडकास्टला मागाहून चिकटविलेला गुण नसून त्याच्या व्याख्येचा भाग आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहात टाकलेली ध्वनिफीत ह्या अर्थाने पॉडकास्ट नव्हे. वर्ष संपले, समूह मोडला, की ती नाहीशी होते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती सापडत नाही. शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ती आहे हेच ठाऊक नसते.

साधन म्हणून पॉडकास्टचे गुण मान्य केलेच पाहिजेत. सेकंदास ६४ किलोबिट ह्या मानाने मुद्रित केलेले २० मिनिटांचे व्याख्यान १० मेगाबाइटांहूनही कमी जागा घेते. नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी ते एस.टी.च्या प्रवासात ऐकू शकतो, थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो. म्हणूनच त्या २० मिनिटांत त्याच्या कानावर काय पडते ह्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

३

अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९८१ च्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ ह्या ग्रंथातील व्याख्यानविषयक निबंधात वक्त्याच्या बोलण्याचे तीन प्रकार केले आहेत : पाठांतर करून म्हणणे, लिहिलेले वाचणे आणि त्या त्या क्षणी शब्द जुळवीत बोलणे. वर्गातील शिक्षक ह्या तिन्हींत सतत ये-जा करतो. तो टिपणातील व्याख्या वाचतो, मग मान वर करून ती उलगडतो. समोरच्या चेहऱ्यावर शंका दिसली की उदाहरण बदलतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो चेहरा नसतो. तेथे चूक होण्याचे भय असते आणि ती चूक कायमची मुद्रित होणार असते. त्यामुळे शिक्षक सर्वांत सुरक्षित अशा दुसऱ्या प्रकाराचा आश्रय घेतो आणि लिखितपाठक बनतो.

ह्याचा परिणाम काय होतो? एम. ए. के. हॅलिडे ह्यांनी लिखित व उच्चारित भाषेतील भेद स्पष्ट करताना दाखविले आहे की, लेखनाची जटिलता शब्दांच्या दाटीत असते आणि बोलण्याची जटिलता उपवाक्यांच्या गुंफणीत असते. वॉलेस चेफ ह्यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, बोलताना एका स्वरखंडात साधारणपणे एकच नवी कल्पना मांडली जाते. ही दोन्ही निरीक्षणे मराठीला विशेष कठोरपणे लागू पडतात. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि शास्त्रीय गद्यात ‘ज्या’ने आरंभ झालेली उपवाक्ये नामाच्या आधी रचली जातात. वाचकाची दृष्टी मागे जाऊ शकते. श्रोत्याला मात्र सर्व सामग्री क्रियापद येईपर्यंत स्मरणात धरून ठेवावी लागते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. २०२० साली प्रस्तुत लेखकाने वर्णनात्मक भाषाविज्ञानावरील काही व्याख्याने ध्वनिमुद्रित केली होती. त्यांतील एक वाक्य असे होते : ‘ज्या ध्वनींच्या परस्परविनिमयाने शब्दांच्या अर्थांत भेद उत्पन्न होतो, परंतु ज्यांच्या उच्चारातील परिसरनियत प्रकारभेद अर्थभेदक ठरत नाहीत, अशा ध्वनिसमूहाच्या अमूर्त प्रतिनिधीस स्वनिम असे म्हणतात.’ कागदावर हे वाक्य सदोष म्हणता येणार नाही. कानाला ते निरुपयोगी आहे. ज्या संज्ञेची व्याख्या करावयाची ती वाक्याच्या अगदी शेवटी येते. तोपर्यंत आपण कशाविषयी ऐकत आहोत हेच श्रोत्याला कळत नाही.

हाच विषय बोलून सांगावयाचा झाल्यास असा सांगता येईल : ‘“काल” म्हणून पाहा. आता “गाल” म्हणा. काय बदललं? पहिला ध्वनी तेवढा बदलला आणि अर्थ पार वेगळा झाला. म्हणजे क आणि ग हे मराठीत दोन निराळे स्वनिम आहेत. आता “कान” म्हणा, आणि मग “कीस” म्हणा. जिभेकडे लक्ष ठेवा. “कीस”मधला क जरा पुढं सरकतो, बरं का. पण मराठी माणूस ह्यांना दोन क मानत नाही; कारण ह्या फरकानं अर्थ कधीच बदलत नाही. म्हणून हे दोन उच्चार, पण स्वनिम एकच.’ शब्द अधिक लागले हे खरे. परंतु प्रत्येक खंडात नवी गोष्ट एकच आहे, आणि श्रोता स्वतःच्या जिभेने तिचा पडताळा घेऊ शकतो.

येथे दोन बारकावे नोंदविण्यासारखे आहेत. पहिला ‘असे’ आणि ‘की’ ह्यांविषयीचा. लेखनात आपण एखाद्याचे मत सविस्तर देऊन शेवटी ‘असे अमुक म्हणतात’ असे लिहितो. ध्वनिफितीत अवतरणचिन्ह नसते. तेथे ते मत अर्धा मिनिट शिक्षकाचेच समजले जाते आणि मग एकाएकी दुसऱ्याचे निघते. ‘अमुक म्हणतात की’ अशी सुरुवात केली तर बोलणारा कोण हे आधीच कळते. दुसरा बारकावा ‘असे, केले, झाले’ ह्या रूपांविषयीचा. प्रमाण बोलीत आपण ‘असं, केलं, झालं’ म्हणतो. तीच रूपे लेखनात एकारान्त करतो. ध्वनिफितीत ‘असे झाले’ हे उच्चारण ऐकताच श्रोत्याला समजते की, हा मनुष्य आपल्याशी बोलत नाही, कागदाशी बोलतो आहे. त्या क्षणी अवधान सुटू लागते. बोलीचे रूप वापरल्याने शास्त्रीय विषयाची प्रतिष्ठा कमी होते, हा समज निराधार आहे. प्रतिष्ठा विचाराच्या काटेकोरपणात असते, अन्त्य स्वरात नसते.

४

ह्यावर एक आक्षेप संभवतो. उत्तम मानले गेलेले काही पॉडकास्ट लिहूनच वाचलेले असतात, त्याचे काय? पीटर ॲडमसन ह्यांची २०१० साली सुरू झालेली तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील मालिका हे ह्याचे ठळक उदाहरण होय. तिचे व्याख्यानरूप भाग साधारणतः वीस मिनिटांचे असून संहिता लिहून सादर केलेले असतात. भारतीय तत्त्वज्ञानावरील भाग त्यांनी जोनार्डन गनेरी ह्यांच्यासह रचले आणि त्यांत एक भाग पाणिनीच्या व्याकरणाला दिला. ह्या मालिकेतून निघालेले ग्रंथ २०१४ पासून ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले.

हा आक्षेप सिद्धांताला बाधक नसून पोषक आहे. ॲडमसन ह्यांची संहिता कानासाठी लिहिलेली आहे. वाक्ये लहान आहेत. पुढे काय येणार ह्याची सूचना आधी मिळते. जिराफ आणि मूकपटांतील नट बस्टर कीटन हे उदाहरणांत पुनःपुन्हा येतात, आणि त्यामुळे श्रोत्याला नव्या कल्पनेबरोबर नवे पात्र लक्षात ठेवण्याचा भार पडत नाही. लिखितपाठकाचा दोष हातातील कागदात नाही, वाक्यात शिरलेल्या कागदात आहे. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’ ह्या १९९८ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाने निराळा मार्ग काढला. तेथे एक निवेदक व तीन अभ्यासक एका विषयावर बोलतात. निवेदक श्रोत्याच्या वतीने संज्ञांचा अर्थ विचारतो आणि भरकटणाऱ्याला विषयावर आणतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नसलेला चेहरा तेथे निवेदकाच्या रूपाने उपस्थित असतो. आपल्या विभागांत हे काम एखादा पदव्युत्तर विद्यार्थी उत्तम रीतीने करू शकेल. कारण कोठे अडते हे त्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते.

मराठीला हे शिकण्यासाठी परक्या उदाहरणांवर विसंबण्याचे कारण नाही. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात आख्यानाच्या द्वारे तोच सिद्धांत श्रोत्याच्या मनावर ठसवितो. कानाने ऐकलेला विचार टिकण्यासाठी तो दोनदा, दोन रूपांत भेटावा लागतो, हे ज्ञान त्या रचनेत आहे. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य थोर ग्रंथ म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासातील व्यक्तींकडून आठवणी मिळवून सिद्ध केला. म्हणजे तोही बोललेल्याचे लेखनच आहे. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्या पुस्तकात आजही बोलण्याची लय ऐकू येते, कारण त्याचा क्रम ‘आधी बोलणे, मग लिहिणे’ असा आहे. आमच्या पॉडकास्टांनी हा क्रम नेमका उलटा केला आहे.

५

ध्वनिमाध्यमाचा आणखी एक विशेष आपण वाया घालवितो. आपल्या लिपीला जे दाखविता येत नाही, ते ध्वनीला दाखविता येते. ‘चार’ ही संख्या आणि ‘गाईला कडबा चार’ ह्यातील ‘चार’. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘सुखाने जग’ ह्यातील ‘जग’. ह्या जोड्यांतील च आणि ज तालव्य व दंततालव्य असे भिन्न आहेत, आणि त्यांमुळे अर्थही भिन्न होतो. देवनागरीत मात्र दोन्हींना एकच अक्षर आहे. पाठ्यपुस्तकात हा भेद समजावून सांगण्यास परिच्छेद खर्ची पडतो. ध्वनिफितीत चार सेकंद पुरतात. बोलींच्या अध्यापनाचेही तसेच. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून त्याचा अंकीय संग्रह सिद्ध केला आहे. भाषकांचा प्रत्यक्ष आवाज हाताशी असताना बोलींवरील व्याख्यानात शिक्षकाने केवळ रूपांची कोष्टके वाचून दाखवावीत, हे साधनाशी केलेले वैर होय.

आता टिपणे दिली असता ती यंत्राकडून आवाजात वदवून घेण्याचीही सोय झाली आहे. हे यंत्र म्हणजे लिखितपाठकाची पराकाष्ठा. त्याच्यापुढे जे लिहिले असेल तेच ते म्हणेल, आणि ‘चार’चा उच्चार कोणता हे त्याला संदर्भावरून अनुमानावे लागेल. शिक्षकही जर लेखनच वाचून दाखविणार असेल, तर त्याच्या आवाजाचे प्रयोजन काय, ह्या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर राहत नाही.

६

शेवटी प्रसाराविषयी. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपली हजारो व्याख्याने जगाला विनामूल्य खुली केली होती. गॅलोडेट ह्या कर्णबधिरांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठातील दोन कर्मचाऱ्यांनी अशी तक्रार केली की, शब्दांकनाच्या अभावी ही व्याख्याने आम्हांला खुली नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ह्या तक्रारीत तथ्य असल्याचे कळविले. मार्च २०१७ मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक मुद्रित व्याख्याने सार्वजनिक दालनातून काढून घेतली. पुढे २०२२ साली न्याय खाते व विद्यापीठ ह्यांच्यात ह्या बाबतीत समझोता झाला. पुष्कळांनी तेव्हा तक्रारदारांना दोष दिला. परंतु ज्ञान ‘सर्वांसाठी’ आहे असे म्हणताना ‘सर्व’ ह्या शब्दातून कोणाला वगळले आहे, हे दाखविणारा मनुष्य दोषी ठरत नाही. आपल्याकडील २०१६ च्या विकलांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यातही श्राव्य साहित्य सुगम स्वरूपात मिळावे अशी तरतूद आहे.

वर उल्लेखिलेल्या माझ्या २०२० सालच्या वर्गात ऐकण्याची अडचण असलेली एक विद्यार्थिनी होती. तिने लेखी पाठ मागितला, तेव्हा ज्यावरून वाचले तीच टिपणे मी तिला पाठविली. थोड्याच दिवसांत इतर विद्यार्थ्यांनी ती तिच्याकडून मिळविली आणि ध्वनिफिती ऐकणे बंद केले. त्यांचा निर्णय योग्य होता. ज्या ध्वनिफितीपेक्षा तिची संहिता अधिक उपयुक्त ठरते, ती ध्वनिफीत निर्माण करण्याचे कारणच नव्हते. पण ह्यातच दोन्ही दोषांचे एक मूळ उघड होते. आपण श्रोत्याचा विचार न करता बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते ऐकवत नाही. आणि श्रोत्याचाच विचार नसल्यामुळे ज्याला ऐकू येत नाही, जो दुसऱ्या गावी आहे किंवा जो पुढच्या वर्षी येणार आहे, त्याचीही आठवण आपल्याला होत नाही.

प्रसाराच्या साधनांविषयीही सावधगिरी हवी. विद्यापीठीय व्याख्यानांसाठी ॲपलने २००७ साली सुरू केलेले ‘आयट्यून्स यू’ हे दालन २०२१ च्या अखेरीस बंद झाले. गुगलची पॉडकास्ट सेवा २०२४ साली बंद झाली. ज्यांच्या ध्वनिफिती आणि याद्या स्वतःच्या जागेवर होत्या, त्यांचे ह्या घडामोडींनी काही बिघडले नाही. विभागाने मूळ ध्वनिफीत, शब्दांकन आणि यादी आपल्या ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवावी. खासगी दालने ही वाटा होत, घर नव्हे.

साहित्याच्या अध्यापकाला स्वामित्वाधिकाराचेही भान ठेवावे लागेल. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे अधिकार टिकतो. मर्ढेकर १९५६ साली निवर्तले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ च्या आरंभापासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली निवर्तले. त्यांच्या कवितांना ही मुभा नाही. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी केलेल्या छायाप्रतींबाबत उदार निर्णय दिला, हे खरे. परंतु त्याचा आधार वर्गातील अध्यापन हा होता. जगाला खुल्या असलेल्या पॉडकास्टला तो आपोआप लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

ह्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : व्याख्यान मुद्दे पुढे ठेवून, शक्य तर एखाद्या विद्यार्थ्याला समोर बसवून, बोलावे. मग ते जसे बोलले गेले तसे लिहून काढावे, तपासावे आणि ध्वनिफितीबरोबर खुल्या यादीतून द्यावे. शब्दांकनाला श्रम पडतात, परंतु ते वाया जात नाहीत. स्वतःचे बोलणे कागदावर पाहिल्यावाचून आपले वाक्य कोठे तुटते आणि कोठे उगाच लांबते, हे शिक्षकाला कळत नाही. शिवाय अशा शब्दांकनांतून शास्त्रीय विषयांवर मराठी कशी बोलली जाते ह्याचा संग्रह विभागापाशी जमेल, आणि भाषेच्या अभ्यासकांना तो उपयोगी पडेल. स्वनिमावरील ते व्याख्यान मी ह्या रीतीने पुन्हा मुद्रित केले. पूर्वी ते ४२ मिनिटांचे होते. आता १८ मिनिटांचे झाले आहे, आणि त्यातून गाळावा लागला असा मुद्दा एकही नाही.